धन्यावांचून चालणारें जाळें : त्याची रचना व कसोटी

संगणकाच्या तासाला वरच्या इयत्तांतील विद्यार्थी आम्हांस वारंवार एक प्रश्न विचारतात, "इंटरनेटचा मालक कोण?" एकच असा मालक कोणी नाहीं, असें सांगितलें म्हणजे मुलांचें समाधान होत नाहीं. शाळेला मुख्याध्यापक असतो, पोस्टाला पोस्टमास्तर असतो, स्टेशनाला स्टेशनमास्तर असतो. मग लक्षावधि यंत्रांचा हा कारभार कोणाच्या हुकमतीवांचून कसा चालावा? ही शंका रास्त आहे. गेल्या पंचवीस वर्षांत मोठमोठ्या विद्यापीठांतील विद्वानांनीं याच शंकेवर आपली बुद्धि खर्चिली, आणि धनी नसलेलें जाळें बांधतां येतें असें दाखविलें. परंतु बांधलेलें जाळें खरोखर नीट चालतें कीं नाहीं, हें पाहणार कोण, आणि कोठें उभा राहून पाहणार, हा प्रश्न त्याहून अवघड निघाला. आजचा आमचा पाठ मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाविषयीं आहे. पण रचना समजल्यावांचून कसोटी समजत नाहीं. म्हणून आधीं रचनेकडे वळूं.

मुंबईच्या हिरेबाजारांतील आंगडियांचा धंदा पालकांपैकीं कित्येकांच्या ऐकिवांत असेल. आंगडिया स्वतःचे रूळ टाकीत नाहीं. सर्वांच्या रेल्वेनेंच तो प्रवास करितो. पण कोणाचें पुडकें कोणाच्या पेढीवर पोंचवावयाचें, हा सर्व बंदोबस्त त्याचा स्वतःचा असतो, आणि रेल्वेला त्याची खबरही नसते. रुळांच्या जाळ्यावर अंथरलेलें हें दुसरें जाळें होय. संगणकशास्त्रांत अशा वरच्या जाळ्यास 'ओव्हरले नेटवर्क' म्हणतात. जमिनींतील व समुद्रांतील तारा खालच्या इंटरनेटच्या. परंतु कोणता संगणक कोणास ओळखतो व कोणामार्फत निरोप धाडतो, हे संबंध वरच्या जाळ्याचे. या वरच्या जाळ्यांतील सर्व यंत्रें दर्जानें सारखीं असलीं, एक देणारें आणि बाकीचीं मागणारीं असा भेद नसला, तर त्यास 'पीअर-टू-पीअर' हें नांव आहे. पीअर म्हणजे बरोबरीचा. आम्ही या लेखांत अशा प्रत्येक यंत्रास सवंगडी म्हणूं.

इ. स. १९९९ मध्यें शॉन फॅनिंग नांवाच्या अमेरिकन तरुणानें नॅप्स्टर हें जाळें सुरू केलें. गाणीं लोकांच्या घरोघरच्या संगणकांवर असत. मात्र कोणतें गाणें कोणाकडे आहे याची वही नॅप्स्टरच्या स्वतःच्या यंत्रांवर असे. ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपन्यांनीं फिर्याद केली आणि २००१ च्या जुलैंत हें जाळें बंद पडलें. (दुसऱ्याची कला फुकट उचलणें गैरच, याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं, पण येथें आम्हांस रचनेकडे पाहावयाचें आहे.) एक वही मिटली, आणि सर्वांच्या घरीं गाणीं जशींच्या तशीं असूनही कोणास कांहीं सांपडेना. मार्च २००० मध्यें निघालेल्या नुटेलानें वहीच ठेविली नाहीं. हवें तें शेजाऱ्यांस विचारावें, त्यांनीं आपल्या शेजाऱ्यांस विचारावें, आणि सामान्यतः सात पावलांनंतर प्रश्न सोडून द्यावा, अशी त्याची रीत. प्रत्येकाचे चार शेजारी धरले, आणि कोणी दोनदां भेटत नाहीं असें मानलें, तर एका प्रश्नापायीं ४,३७२ निरोप धांवतात. आणि इतकें करूनही वस्तु आठव्या पावलावर असेल तर ती नाहींच असें वाटतें. गर्दींत एकानें हांक मारिली तर चालतें. सर्वांनींच मारिली तर कोणासच ऐकूं येत नाहीं.

२००१ सालीं या पेंचांतून सुटण्याच्या वाटा निरनिराळ्या ठिकाणीं एकदमच सांपडल्या. कॅन, पेस्ट्री, टॅपेस्ट्री आणि कॉर्ड अशीं चार जाळीं त्या सुमारास प्रसिद्ध झालीं. त्यांपैकीं कॉर्ड शिकविण्यास सर्वांत सोपें, म्हणून तेंच घेतों. आयॉन स्टोइका, रॉबर्ट मॉरिस, डेव्हिड कार्गर, फ्रान्स काशूक व हरि बालकृष्णन् यांचें हें काम असून तें मुख्यतः अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें झालें. यांतील बालकृष्णन् हे मद्रासच्या आय. आय. टी. चे पदवीधर.

विद्यार्थ्यांनीं कागदावर एक मोठें वर्तुळ काढावें आणि घड्याळाप्रमाणें त्यावर ० पासून ६३ पर्यंत खुणा कराव्या. आतां, हॅश नांवाची एक गणिती रीत आहे. तिला कोणतेंही नांव दिलें कीं ती त्यापासून एक आंकडा काढून देते. तेंच नांव दिलें तर आंकडा तोच. एक अक्षर बदललें तर अगदीं निराळा. या रीतीनें प्रत्येक सवंगड्यास त्याच्या पत्त्यावरून एक जागा मिळते आणि प्रत्येक वस्तूस तिच्या नांवावरून एक आंकडा मिळतो. त्या आंकड्यास किल्ली म्हणतात. आपल्या वर्तुळावर ३, ९, १७, २२, ३०, ३७, ४४, ५०, ५८ आणि ६१ या दहा जागीं सवंगडी बसले आहेत असें समजा. नियम एकच : किल्लीच्या जागेपासून घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें चालूं लागल्यावर जो पहिला सवंगडी भेटेल, त्याच्यापाशीं ती वस्तु. किल्ली ५३ असेल तर ती ५८ पाशीं. वही कोणाकडेच नाहीं, आणि तरी वस्तु कोठें असावी याविषयीं वाद नाहीं.

प्रत्येकास फक्त आपला पुढचा शेजारी ठाऊक असला तरी वस्तु सांपडेल. पण ९ कडून निघालेला निरोप १७, २२, ३०, ३७, ४४, ५० असा सगळ्यांच्या दारांवरून जात सातव्या पावलास ५८ ला पोंचेल. दहांच्या जाळ्यांत हें सोसतें, दहा लाखांच्या जाळ्यांत सोसणार नाहीं. म्हणून प्रत्येक सवंगडी आणखी कांहीं जणांकडे बोट दाखवून ठेवितो. आपल्यापासून १, २, ४, ८, १६ व ३२ घरें पुढें गेल्यावर जो जो प्रथम भेटेल, त्याचा पत्ता तो लिहून घेतो. ९ चें सर्वांत लांबचें बोट ४१ च्या पुढील सवंगड्याकडे, म्हणजे ४४ कडे आहे. तेव्हां निरोप एका उडींत ९ वरून ४४ वर जातो, तेथून ५० वर, आणि ५० च्या पुढचा ५८. काम तीन पावलांत झालें. प्रत्येक उडीस राहिलेलें अंतर निम्म्याहून कमी होतें. दहा लाख सवंगडी असले तरी सरासरीनें दहाच पावलें पुरतात, आणि एकेकास सुमारें वीस निरनिराळे पत्ते जपावे लागतात. खऱ्या कॉर्डमध्यें वर्तुळावर ६४ नव्हे, तर २ चा १६० वा घात इतकीं घरें आहेत. ही संख्या ४९ आंकडी आहे; तेव्हां दोघांना एकच जागा मिळेल ही भीति मनांत आणावयास नको.

येथवर सर्व कागदावर ठीक. अडचण अशी कीं सवंगडी स्वस्थ बसत नाहींत. कोणी संगणक सुरू करितो, कोणी निरोप न घेतां बंद करितो, कोणाची वीज जाते. समजा, ४० या जागीं एक नवा आला. तो ओळखीच्या कोणासही विचारून आपला पुढचा ४४ आहे असें समजून घेतो, आणि ४४ ला सांगतो कीं, तुमच्या मागें मी आहें. ३७ ला या गोष्टीचा पत्ताही नसतो. परंतु नियमच असा आहे कीं प्रत्येकानें ठरावीक वेळानें आपल्या पुढच्यास विचारावें, "तुमच्या मागें कोण?" ३७ नें विचारलें, ४४ नें '४०' असें उत्तर दिलें, कीं ३७ आपला पुढचा बदलतो आणि वर्तुळ सांधलें जातें. ३८, ३९ व ४० या किल्ल्या आतां ४० कडे येतात. बाकीच्यांस हात लावावा लागत नाहीं. पुढचा नाहींसा झाला तर काय करावें, याचीही तजवीज आहे. प्रत्येक जण एकाच पुढच्याचा नव्हे, तर पुढच्या कित्येकांचा पत्ता जपतो. वीस पत्ते जपले, आणि जाळ्यांतील निम्मे सवंगडी एकदम गेले, तरी एकाचे विसांपैकीं वीसही जाण्याचा संभव दहा लाखांत एक इतकाच उरतो. शिवाय वर्तुळावरचे शेजारी पृथ्वीवरचे शेजारी नसतात. हॅशच्या योगें एक पुण्याचा तर त्याच्या पुढचा पॅरिसचा असूं शकतो. एका शहराची वीज गेल्यानें वर्तुळ एके ठिकाणीं तुटत नाहीं.

आतां कसोटीकडे वळूं. या रचनेचा मुख्य गुण हाच तिच्या परीक्षकाचा मुख्य शत्रु आहे. संपूर्ण वर्तुळ पाहूं शकेल असा कोणीही जाळ्यांत नाहीं. पूल बांधला तर अभियंता कांठावर उभा राहून तो पाहतो. येथें कांठच नाहीं.

कॉर्डच्या कर्त्यांनीं प्रथम एकाच यंत्राच्या पोटांत १०,००० कल्पित सवंगडी बसवून पाहिले. दहा लाख किल्ल्या ठेविल्या, मग सवंगड्यांचा कांहीं भाग एकदम मारून टाकिला. तेव्हां जितके मेले साधारण तितक्याच प्रमाणांत शोध फसले, म्हणजे मेलेल्यांपाशीं ज्या वस्तु होत्या तेवढ्याच गेल्या, वाट कोणाची चुकली नाहीं. याच प्रयोगांत एक उणीवही दिसून आली. पांच लाख किल्ल्या १०,००० जणांत वांटल्या तर सरासरी प्रत्येकीं ५० पडावयास हव्या; पण कोणापाशीं एकही नव्हती आणि एकापाशीं ४५७ सांठल्या होत्या. नशिबावर सोंपविलेली वांटणी सारखी होत नाहीं, ही गोष्ट आमच्या बायकांना हळदीकुंकवाच्या वाणावरूनही ठाऊक असते. यावर तोड अशी काढली कीं प्रत्येक खऱ्या यंत्रानें वर्तुळावर एकाऐवजीं अनेक जागा घ्याव्या, म्हणजे कमीजास्तीची भरपाई होते. मग अमेरिकेंतील दहा ठिकाणच्या खऱ्या यंत्रांवरही त्यांनीं तें चालवून पाहिलें.

परंतु कल्पित सवंगड्यांच्या जगांत निरोप वेळेवर पोंचतात. खऱ्या जगांत ते वाटेंत खोळंबतात. २००४ मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनीं एक मधला मार्ग धरिला. प्रोग्राम खरे घ्यावयाचे, ते एका दालनांतील यंत्रांवर चालवावयाचे, पण दोहोंमध्यें अंतर व गर्दी कृत्रिम रीतीनें घालावयाची. अशा एक हजार सवंगड्यांच्या जाळ्यांत त्यांनीं ये-जा हळूहळू वाढवीत नेली. तेव्हां जें दिसलें तें फार बोधक आहे. कोणी शेजारी गेला कीं लगेच ती बातमी सर्वांस कळवावी, ही रीत वरवर शहाणपणाची वाटते. पण वाटेवर गर्दी असली म्हणजे जिवंत शेजाऱ्याचेंही उत्तर उशिरां येतें. तो मेला असें समजून बातमी धांवते. त्या बातमीनें गर्दी वाढते. गर्दीनें आणखी उत्तरें उशिरां येतात, आणि आणखी जिवंत माणसें मेलेलीं ठरतात. दुरुस्तीची घाईच रोग वाढविते. ठरावीक वेळानें, शांतपणें, थोडी थोडी दुरुस्ती करणारें जाळें तगून राहिलें. घाईचें काम सैतानाचें, ही म्हण यंत्रांसही लागू पडावी याची आम्हांस मौज वाटली.

याहून मोठी कसोटी म्हणजे प्लॅनेटलॅब. २००२ सालीं तिचा आरंभ झाला. जगांतील विद्यापीठांनीं व संशोधनसंस्थांनीं आपापलीं कांहीं यंत्रें वर्गणीदाखल द्यावीं, आणि त्या बदल्यांत सर्वांच्या यंत्रांवर आपले प्रयोग करावे, अशी ही सहकारी पेढीच होती. एक हजाराहून अधिक यंत्रें तींत आलीं. २०२० मध्यें ती बंद झाली. पण या विषयांतील पुष्कळसें खरें ज्ञान तिच्यावर मिळालेलें आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, दहा हजारांवर चाललें, खऱ्या इंटरनेटवर चाललें, आतां आणखी काय पाहावयाचें? बीजगणिताच्या विद्यार्थ्यांस आम्ही या ठिकाणीं ऑयलरची एक पदावलि आठवण करून देतों : न-वर्ग अधिक न अधिक ४१. न च्या जागीं ०, १, २ असे आंकडे घालीत जा. दर वेळीं मूळसंख्याच येते. ३९ पर्यंत एकही अपवाद नाहीं. चाळीस उदाहरणें पाहून जो मुलगा 'सिद्ध झालें' असें लिहील, त्यास ४० घालावयास सांगावें. उत्तर १,६८१ येतें, आणि तो ४१ चा वर्ग आहे.

कॉर्डचें असेंच झालें. साधेपणा, सिद्ध केलेली शुद्धता आणि सिद्ध केलेला वेग हे तीन गुण त्याच्या कर्त्यांनीं मूळ निबंधांत सांगितले होते. अकरा वर्षें तो निबंध जगभर वाचला गेला, शिकविला गेला. २०१२ सालीं ए. टी. अँड टी. च्या प्रयोगशाळेंतील पामेला झेव्ह या विदुषीनें निराळीच वाट धरिली. तिनें हजारों सवंगडी घेतले नाहींत. अगदीं थोडे घेतले. परंतु त्या थोड्यांवर येणें, जाणें आणि विचारपूस करणें या क्रिया ज्या ज्या क्रमानें घडूं शकतील, ते सर्व क्रम ॲलॉय नांवाच्या साधनाकडून तपासून घेतले. आश्चर्य हें कीं ॲलॉय हेंही मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेंत निर्माण झालेलें. निष्कर्ष असा निघाला कीं, वर्तुळ सांधणारी ही रीत जशी छापली होती तशी शुद्ध नव्हती. आणि जीं लक्षणें सदैव टिकून राहतात असें मानिलें होतें, त्यांतील एकही सदैव टिकत नाहीं. क्वचित् घडणारा, पण घडूं शकणारा असा क्रम आला, तर वर्तुळ असें मोडतें कीं तें आपोआप पुन्हां जुळत नाहीं. मोठ्या प्रयोगांत हा क्रम कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता; लहान आकाराचे सर्व प्रसंग पाहिले तेव्हां तो दडून राहूं शकला नाहीं.

झेव्हबाईंचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें तें पुढील गोष्टीसाठीं. चूक दाखवून त्या थांबल्या नाहींत. पांच वर्षांनीं, २०१७ मध्यें, त्यांनीं दुरुस्त केलेली रीत आणि तिची सिद्धता प्रसिद्ध केली. मूळ रचना एकट्या सवंगड्यापासूनही सुरू होऊं शके. नव्या नियमाप्रमाणें प्रत्येक जण जितके पुढचे पत्ते जपतो, त्याहून निदान एक अधिक इतक्या जणांचें वर्तुळ आरंभींच उभें असावें लागतें. एवढ्याशा पथ्यावर सारें अवलंबून होतें.

मात्र सिद्धतेनेंही सर्व भागतें असें नाहीं, कारण सिद्धता गृहीत धरलेल्या गोष्टींवर उभी असते. वर दहा लाखांत एक असा जो हिशेब आम्ही मांडला, त्यांत एक गोष्ट न बोलतां धरली आहे : एकाचें जाणें दुसऱ्याच्या जाण्याशीं संबंधित नाहीं. १६ ऑगस्ट २००७ रोजीं स्काइप या बोलण्याच्या जाळ्यावर काय ओढवलें तें पाहावें. तें जाळें बव्हंशीं सवंगड्यांच्या संगणकांवरच चालत असे. खातें उघडून आंत येण्यापुरतीं मध्यवर्ती यंत्रें होतीं. विंडोजची नेहमींची सुधारणा उतरवून घेऊन जगभरचे संगणक थोड्या अवधींत बंद होऊन पुन्हां सुरू झाले. सवंगडी एकदम कमी झाले, आणि आंत येऊं पाहणाऱ्यांची झुंबड एकदम उडाली. पूर्वीं कधीं न दिसलेला एक दोष त्यामुळें उघडा पडला आणि जाळें सुमारें दोन दिवस कोलमडलें. पुणें आणि पॅरिस यांची वीज एकाच वेळीं जात नाहीं हें खरें. परंतु दोन्हीकडे विंडोज एकच होती. २०१० च्या डिसेंबरांत स्काइपवर पुन्हां असाच प्रसंग आला. त्या वेळीं प्रोग्रामच्या एकाच आवृत्तींत दोष होता, आणि निम्मे लोक तीच आवृत्ति वापरीत होते. पुढें २०१२ मध्यें वाटाड्याचें काम करणारीं यंत्रें कंपनीनें आपल्याच दालनांत आणून ठेविलीं. आणि मे २०२५ मध्यें स्काइप कायमचें बंद झालें.

धन्यावांचून चालणारीं जाळीं मात्र बंद झालीं नाहींत. २००२ मध्यें पेतार मायमौन्कोव्ह व डेव्हिड मॅझिएर यांनीं कॅडेम्लिया ही रचना काढली. तींत वर्तुळाऐवजीं दोन आंकड्यांतील अंतर निराळ्या रीतीनें मोजतात. तें जाणाऱ्यास जितकें, येणाऱ्यासही तितकेंच भरतें. त्यामुळें जो निरोप घेऊन येतो त्याचा पत्ताही उपयोगी पडतो, आणि जाळें चालतां चालतां आपली माहिती ताजी ठेवितें. बिटटॉरेंट व इथीरियम या जाळ्यांतील सवंगडी आजही एकमेकांस याच रीतीनें शोधतात. तेथें आणखी एक संकट आहे. एकच लबाड मनुष्य हजार नांवें घेऊन शिरला तर त्यास ओळखावें कसें? जॉन डूसर यांनीं २००२ मध्येंच दाखविलें कीं, नांवांची खात्री करून देणारा कोणी विश्वासू मध्यस्थ नसेल तर व्यवहारांत याला पुरता बंदोबस्त होत नाहीं. हा विषय मोठा आहे. त्यास स्वतंत्र लेख हवा.

वर्तुळ काढलेला कागद विद्यार्थ्यांनीं अद्याप टाकून दिला नसेल. त्यावर एक उदाहरण सोडवावें. ४० हा नुकताच आला आहे. पुढचा म्हणून त्यास फक्त ४४ ठाऊक आहे. ४४ कडून पुढच्या पत्त्यांची यादी घेण्याचें अजून राहिलें आहे. ३७ नें अद्याप विचारपूस केलेली नाहीं. इतक्यांत ४४ बंद पडला. ४० नें आतां कोणास विचारावें? आणि ३७ ला ४० कधीं सांपडेल काय? ३७ ला काय ठाऊक आहे आणि ४० ला काय ठाऊक आहे, हें दोन निराळ्या कागदांवर लिहून उत्तर काढावें. दोन्ही कागद एकाच वेळीं पाहण्याची सवलत त्या दोघांपैकीं कोणासही नाहीं.